सुरमी

आषाढात लग्नं नसतात,
म्हणून दस्तगीरभाईंची घोडी मला मिळाली.
महिना दीड हजार, सकाळी सहा ते पावणेसात,
होम मैदानाच्या कडेकडेनं.
वय सत्तेचाळीस. टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिते.
घरी सांगितलंय, फिरायला जाते.

पहिल्याच दिवशी ती फुरफुरली
आणि मी रिकिबीतून पाय काढला.
"बसा ओ म्याडम," विडी कानामागं खोचत दस्तगीरभाई म्हणाले,
"रागावली नाय. नाक मोकळं करायलीय."

मग हळूहळू कान बसला.
घोड्याला तोंडानं दम घेता येत नाही;
आत-बाहेर जे काही जायचं ते
त्या दोन ओल्या बिळांतूनच.
दुडकीला फुर्र, फुर्र, अंगातला ताठरपणा झाडून टाकल्यासारखं.
चौखूर सुटली की टाप आणि श्वास एकाच दोरीला:
पुढचे पाय टेकले की बाहेर, उचलले की आत,
आतडी भात्यासारखी मागं-पुढं.
प्लास्टिकची पिशवी उडत आली
तर एकच कोरडा फुत्कार, मान वर, कान टोकदार.
आणि तळ्याकडून गार वारं आलं
की लांबलचक, ओठ लोंबवून सोडलेला,
कुणाला उद्देशून नसलेला.

हे सगळं मी लिहून ठेवलं,
हिशेबाच्या वहीत, मागच्या पानावर.
जमा आणि खर्च, दोन रकाने आखले होते.
फुरफुरणं कुठं मांडायचं ते ठरेना.

लग्नसराईत हीच सुरमी
जरीच्या झुलीखाली, जनरेटरच्या धुरात,
पाठीवर घामेजलेला नवरदेव घेऊन
बँडपुढं तासतासभर उभी असते.
"तवा फुरफुरत नाय. लई गप असती."
दस्तगीरभाईंनी तंग आवळला, थोडा थांबून म्हणाले,
"गप घोडीला मी भितो."

नायना म्हणायचो आम्ही वडिलांना.
अशोक चौकामागच्या बोळात, पाळी संपवून आले
की उंबऱ्याबाहेरच वाकायचे,
एक नाकपुडी दाबून जोरात शिंकरायचे, मग दुसरी.
सुताचा कोंडा निघायचा,
त्या दिवशी मागावर असेल त्या रंगाचा.
लाल चादरीचा लाल. एकदा आठवडाभर मोरपंखी.
अम्मा तांब्या घेऊन उभी.
शेजारच्या पोरी खिदळायच्या,
आणि मी आत, फडताळामागं,
मेल्याहून मेल्यासारखी.

शेवटच्या वर्षी ते शिंकरेनासे झाले.
उशीला टेकून बसायचे, पत्र्याकडं बघत,
गप.
आम्हाला वाटलं, आराम पडतोय.

काल तिसऱ्या फेरीला दस्तगीरभाई मैदानातून ओरडले,
"श्वास सोडा की ओ!
तुमी धरून बसलाय, म्हणून ती बी धरून बसलीय!"

सोडला.
नाकातोंडातून, आवाज करत,
बाईमाणसानं चारचौघांत करू नये तसा.
एक टाप. दुसरी. अजून काहीच नाही.
मग खोगिराखालून थरथर उठली,
तिच्या बरगड्यांतून माझ्या मांड्यांत,
आणि सुरमी अशी फुरफुरली
की झाडावरचे बगळे हलले,
माझ्या सलवारीवर गुडघ्यापर्यंत शिंतोडे.

तशीच गेले कामावर.
फाटकाशी रात्रपाळीचा एक पोरगा,
नवीनच लागलाय, आडनाव बहुतेक येमूल,
भिंतीकडं तोंड करून शिंकरत होता.
निळं होतं.
मला बघून दचकला, शर्टाच्या बाहीनं नाक झाकलं,
वाटलं असेल, म्याडम आता बोलणार.

"दुसरी पण," मी म्हणाले.